परवानगीसाठी माझ्याशीच संपर्क साधा

नोकरी बदलून दीड महिना झाला होता. कराचं विवरणपत्र भरायचं म्हणून मी पेनड्राइव्हवरची हिशोबाची फाइल उघडायला गेले. ती मीच बनवलेली, पेनड्राइव्हही माझाच. फाइल उघडली नाही. पडद्यावर एक चौकट आली: हा दस्तऐवज उघडण्याचा अधिकार तुमच्या खात्याला नाही, परवानगी हवी असल्यास मालकाशी संपर्क साधा. खाली मालकाचा ईमेल पत्ता दिला होता. जुन्या ऑफिसातला माझाच पत्ता होता तो.

गंमत म्हणून मी त्या पत्त्यावर मेल टाकला. मिनिटभरात परत आला. या नावाचं इथे कोणी नाही.

अशा अकरा फायली निघाल्या. तीन वर्षांचे कराचे हिशोब, एका लेखासाठी काढलेली टिपणं, नव्या नोकरीसाठी केलेला बायोडेटा, घराच्या कागदपत्रांच्या याद्या. आणि बाबांच्या आजारपणात मी ठेवलेली औषधांची नोंद: कोणत्या तारखेला कोणती गोळी सुरू झाली, कोणती बंद केली, कशाने अंगावर पुरळ आलं, कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितलं. बाकी दहा फायलींवर पाणी सोडायला मी तयार होते. या एकीवर नाही.

पेनड्राइव्ह हरवला असता किंवा खराब झाला असता तर नशिबाला बोल लावून मोकळी झाले असते. इथे वस्तू हातात आहे, शाबूत आहे, तिच्यातलं एक अक्षरही पुसलेलं नाही. तरी ती मला वाचता येत नाही, कारण मी तिथे नोकरी करत नाही. माझ्या वस्तूचा आणि माझ्या नोकरीचा हा संबंध कोणी, कधी आणि कोणाला विचारून जोडला, हा माझा प्रश्न आहे. कंपनीने स्वतःच्या मालाला हवी तेवढी कुलपं लावावीत, तिचा तो पुरेपूर हक्क आहे. पण कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या कागदांवर जे कुलूप पडलं ते नोकरी संपताना काढून देणं, ही तिची जबाबदारी धरली पाहिजे. थकलेला पगार चुकता करणं ही जशी जबाबदारी आहे तशीच. आज ती मेहेरबानी मानली जाते, आणि मेहेरबानी करायलाही तिथे कोणी नेमलेलं नसतं.

हे कुलूप कसं चालतं ते मलाही तोवर नीट ठाऊक नव्हतं. आपण ज्याला 'पासवर्ड टाकलेली फाइल' म्हणतो तिची किल्ली आपल्या डोक्यात असते. ती विसरलो तर चूक आपली. ऑफिसातलं संरक्षण वेगळं असतं. फाइल सांकेतिक रूपात बदलली जाते, तिची किल्ली फाइलच्याच आत ठेवली जाते, पण ती किल्ली संस्थेच्या मोठ्या किल्लीने बंद केलेली असते. पेटीची किल्ली पेटीलाच बांधलेली आहे, फक्त ती ज्या डबीत आहे त्या डबीचं कुलूप दुसऱ्याचं आहे, असं समजा. फाइल उघडायला गेलं की प्रोग्रॅम सर्व्हरला विचारतो, हे कोण आलंय? सर्व्हर खातं तपासतो, हो म्हणतो, आणि मग फाइल उघडते. मायक्रोसॉफ्टने ऑफिसच्या २००३च्या आवृत्तीत ही सोय आणली. पुढे ती क्लाउडवर गेली, आणि आता मोठ्या संस्थांमध्ये तिचं अस्तित्वही कोणाला जाणवत नाही इतकी ती अंगवळणी पडली आहे.

यातली मेख अशी की फाइलला संरक्षण देणाऱ्यालाच ही व्यवस्था मालक मानते. मालकाला सगळे अधिकार असतात: वाचण्याचे, बदलण्याचे, छापण्याचे, कुलूप काढून टाकण्याचेही. ऐकायला छान वाटतं. पण तो मालक म्हणजे हाडामांसाची मी नव्हे. तो म्हणजे संस्थेच्या यादीतलं एक खातं. मी राजीनामा दिला, खातं बंद झालं, आणि त्या अकरा फायलींचा मालक जगातून नाहीसा झाला. मी उरले, पण मी आता त्रयस्थ.

यात वेळेचा एक खेळ आहे, त्याने मी खरी फसले. सर्व्हरने एकदा हो म्हटलं की ती परवानगी काही काळ कॉम्प्युटरवरच साठवली जाते, म्हणजे प्रवासात इंटरनेट नसलं तरी काम अडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत, संस्थेने मुद्दाम बदल केला नसेल तर, हा काळ ३० दिवसांचा असतो. माझ्या घरच्या लॅपटॉपवर यातल्या दोन फायली नोकरी सोडल्यानंतरही बिनबोभाट उघडत होत्या त्या यामुळे. मला वाटलं, सगळं आलं बरोबर. आता दुसरी बाजू बघा. संस्थेने काढून टाकलेलं खातं पूर्ववत करण्याची मुदतही मायक्रोसॉफ्टकडे ३० दिवसांचीच असते. गुगलच्या ऑफिससाठीच्या सेवेत तर २०. म्हणजे खातं जिवंत करून चूक सहज दुरुस्त करता आली असती त्याच दिवसांत मला चूक दिसण्याचं कारण नव्हतं. ती दिसली तेव्हा सोपी वाट बंद झालेली होती.

'पण मुळात कुलूप लावलंच कशाला?' हे मला चार जणांनी विचारलं. मी लावलं नाही. आमच्याकडे प्रत्येक नव्या फाइलवर आपोआप 'अंतर्गत' असं लेबल लागायचं आणि त्या लेबलाबरोबर कुलूपही. वरच्या पट्टीत बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असे. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जितकं लक्ष जातं तितकंच तिकडे जायचं. कोणीही खिडकी उघडून विचारलं नाही की बाई, ही फाइल तू हे ऑफिस सोडल्यावर तुला उघडणार नाही, चालेल का?

त्याहून मोठा आक्षेप अर्थातच दुसरा आहे, आणि तो रास्त वाटतो म्हणून त्यावर जरा रेंगाळते. ऑफिसच्या खात्यात घरचं काम करायचंच कशाला? कंपनीचा कॉम्प्युटर, कंपनीचं सॉफ्टवेअर, कंपनीचा वेळ, आणि वर तक्रार?

मान्य, करायला नको होतं. पण हा आक्षेप घेणाऱ्या प्रत्येकाने आपला ऑफिसचा लॅपटॉप उघडून प्रामाणिकपणे बघावं. मुलांच्या शाळेचे अर्ज, विम्याचे कागद, भाडेकरार, पासपोर्टची स्कॅन केलेली पानं. २०२०नंतर तर ऑफिसच घरात येऊन बसलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रात्री दहाला कंपनीच्या मीटिंगा करायच्या, तेव्हा कोणी म्हणालं नाही की हे टेबल तुमचं खासगी आहे, यावर ऑफिसचं काम नको. सरमिसळ दोन्ही बाजूंनी झाली. एका बाजूची सरमिसळ निष्ठा ठरली आणि दुसऱ्या बाजूची गैरशिस्त. शिवाय सगळे कागद आपण तिथे नेलेले नसतात, काही कंपनीनेच दिलेले असतात. पगाराच्या स्लिपा, वार्षिक मूल्यमापन, पदोन्नतीचं पत्र, प्रशिक्षणाचे दाखले, आरोग्य विम्याचा तपशील. हे माझे कागद नाहीत असं म्हणायला जीभ रेटणार नाही कोणाची. पण एचआरचे मेलही त्याच लेबलाखाली येतात. वर्षभर जपून ठेवलेली स्लिप कर्जाच्या अर्जाला जोडायला जावं तर बँकेतला माणूस म्हणतो, मॅडम, ही उघडत नाही. तुमच्याकडे तरी उघडते का?

न्यायालयांपुढे या सरमिसळीचा प्रश्न आलेला आहे, पण उलट्या बाजूने. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१च्या ऑक्टोबरमध्ये निकॉन कंपनीविरुद्धच्या खटल्यात सांगितलं की कामाच्या जागी, कामाच्या वेळेतही माणसाला खासगीपण असतं, आणि कंपनीने दिलेल्या कॉम्प्युटरवरचे त्याचे वैयक्तिक संदेश कंपनीने वाचू नयेत, तिने खासगी वापराला बंदी केलेली असली तरीही. पुढे २०१८च्या फेब्रुवारीत युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापुढे फ्रान्सच्याच सरकारी रेल्वे कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याचं प्रकरण आलं. त्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्कच 'वैयक्तिक माहिती' या नावाने ठेवली होती. कंपनीने ती उघडली, आतलं बघून त्याला काढलं. न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला, कारण तिथल्या नियमांप्रमाणे फायलींवर 'खासगी' अशी स्पष्ट खूण हवी होती आणि 'वैयक्तिक' हा शब्द त्याला पुरेसा नव्हता. एका शब्दाच्या फरकावर माणसाचं खासगीपण टिकतं किंवा जातं, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते.

पण या दोन्ही खटल्यांत वाद एकच आहे: कर्मचाऱ्याच्या फायली कंपनीने बघाव्यात की नाही. कर्मचाऱ्याने स्वतःच्या फायली बघाव्यात की नाही, हा वाद तिथे कोणाच्या डोक्यातही नव्हता. कसा असणार? कागद ज्याच्या हातात तो वाचू शकतो, हे गृहीतच होतं. कागदाच्या काळात कंपनी फार तर टेबलाचा खण रिकामा करून घ्यायची. खणातलं तुमचं तुम्ही पिशवीत भरून न्यायचात, आणि घरी पोचल्यावर त्यावरची अक्षरं उडून गेलेली नसायची.

मालकीचा कायदा इथे कितपत कामाला येतो? नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लिखाणाचा पहिला मालक नोकरी देणारा, असं भारताचा १९५७चा कॉपीराइट कायदा म्हणतो. वेगळा करार असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेचा १९७६चा कायदाही त्याच वळणाचा आहे. याबद्दल माझी कुरकुर नाही. मी तिथे लिहिलेले अहवाल कंपनीचे, ते मला उघडले नाहीत तर उघडू नयेत. पण बाबांच्या गोळ्यांची नोंद 'नोकरीचा भाग' कोणत्याच कायद्याने ठरत नाही. तिची मालकी माझी आहे यावर कंपनीचा वकीलही वाद घालणार नाही. इतकंच की मालकी आणि ताबा या दोन गोष्टी आता सुट्या झाल्या आहेत. सातबारा माझ्या नावावर, जमीन दुसऱ्याच्या कुंपणात, तशातला प्रकार. फरक इतकाच की कुंपण घालणाऱ्याला जमीन नकोच आहे. त्याला ती आपल्या कुंपणात आहे हेसुद्धा माहीत नाही.

माहिती-संरक्षणाचे कायदे तरी? युरोपात २०१८च्या मे महिन्यापासून लागू असलेल्या कायद्यानुसार संस्थेकडे असलेल्या आपल्या वैयक्तिक माहितीची प्रत मागता येते, आणि मागणी इलेक्ट्रॉनिक मार्गाने केली असेल तर ती सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्वरूपात द्यावी लागते. युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये, आधीच्या कायद्याखालच्या एका प्रकरणात, परीक्षार्थीची उत्तरपत्रिका आणि तिच्यावरचे परीक्षकाचे शेरे हीदेखील त्याची वैयक्तिक माहिती असल्याचं ठरवलं. त्या न्यायाने वार्षिक मूल्यमापनही माझी माहिती ठरायला हरकत नसावी. भारतात या विषयावरच्या आधीच्या मसुद्यांमध्ये आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३चा कायदा झाला तेव्हा तो गळला. पण हे सगळे कायदे जिथे माहिती संस्थेकडे असते तिथले आहेत. माझी अडचण त्यांच्या चौकटीबाहेरची. फाइल माझ्याकडेच आहे. कंपनी अगदी खरेपणाने म्हणू शकते, 'बाई, तुमची माहिती आमच्याकडे नाही, तुमच्याच पर्समध्ये आहे.' तिच्याकडे आहे ती फक्त किल्ली. आणि किल्ली ही कोणाची वैयक्तिक माहिती नसते.

आता कंपनीची बाजू. ती कमजोर नाही. नोकरी सोडणारा माणूस जाता जाता काय घेऊन जाईल याची भीती काल्पनिक नाही. गुगलच्या घरातली वेमो ही विनाचालक गाड्या बनवणारी कंपनी आणि उबर यांच्यातला खटला आठवा. २०१६मध्ये गुगल सोडून गेलेल्या एका अभियंत्याने जाण्याआधी १४,०००हून अधिक फायली उतरवून घेतल्या, असा वेमोचा आरोप होता. २०१८मध्ये तडजोड झाली. त्या अभियंत्याला पुढे फौजदारी खटल्यात शिक्षा सुनावली गेली आणि नंतर राष्ट्राध्यक्षांची माफीही मिळाली. असं एक उदाहरण कोणत्याही सुरक्षा अधिकाऱ्याची झोप उडवायला पुरेसं आहे. माणूस गेला की त्याच्या हातातल्या प्रतीही निरुपयोगी व्हाव्यात, हे अशा कुलपाचं खरं काम. तो त्याचा दोष नाही, गुण आहे. मी सुरक्षा विभागात असते तर मीही तेच कुलूप निवडलं असतं.

पण ज्याला खरंच चोरी करायची आहे तो पडद्याचे फोनने फोटो काढतो, आणि त्यापुढे हे कुलूप हात टेकतं. ज्याच्या मनात काही नाही, ज्याला कुलूप लागल्याचाच पत्ता नाही, तो मात्र पक्का अडकतो. बंदोबस्त ज्याच्यासाठी केला तो सुटतो आणि देवळात आलेला भाविक धरला जातो, हे काही आपल्याला नवं नाही. तरी बंदोबस्त काढा असं माझं म्हणणं नाही. निरपराध्याला सोडवण्याची खिडकी कुठे आहे, एवढंच विचारते.

खिडकी आहे, हे ऐकून तर मला जास्तच राग आला. या सेवांमध्ये 'सुपर यूजर' नावाची एक सोय असते. संस्थेने नेमलेला असा माणूस संस्थेच्या किल्लीने बंद झालेली कोणतीही फाइल, मालक हयात असो नसो, उघडू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत ही सोय मुळात बंद असते, संस्थेला ती मुद्दाम सुरू करावी लागते. तशी ती बंद ठेवण्यामागचा विचार चांगला आहे, कारण सगळं उघडू शकणारा माणूस ही स्वतःच एक जोखीम. पण याचा अर्थ असा की 'तुमच्या फायली आता उघडणं शक्य नाही' हे उत्तर, संस्थेची किल्ली शाबूत आहे तोवर, खरं नसतं. 'शक्य आहे, पण ते कोणाचं काम आहे ते आम्ही ठरवलेलं नाही' हे खरं उत्तर.

जुन्या ऑफिसातल्या आयटी विभागातल्या एका सहकाऱ्याला मी फोन केला. भला माणूस. तो म्हणाला, "मॅडम, फायली तुमच्याच आहेत हे मला माहितीये. पण तिकीट कोण काढणार? तिकीट काढायला एम्प्लॉयी आयडी लागतो." तिकीट म्हणजे आयटीकडे नोंदवायची तक्रार. एचआरला लिहिलं. त्यांनी आयटीकडे पाठवलं. आयटीने सुरक्षा विभागाकडे. सुरक्षा विभागाने विचारलं की कंपनी सोडल्यानंतर कंपनीने संरक्षित केलेल्या फायली तुमच्याकडे कशा. आता आरोपी मीच.

नोकरीच्या शेवटच्या दिवसाची यादी आठवून बघा. लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र, सिमकार्ड, कपाटाची चावी. प्रत्येकासमोर सही. कंपनीचं काय काय तुमच्याकडे आहे याचा इतका काटेकोर हिशोब होतो. तुमचं काय काय कंपनीच्या कुलपात आहे, असा रकाना मी चार नोकऱ्यांत एकदाही पाहिला नाही. आणि ही यादी तरी राजीनामा देऊन, नोटीस पीरियड पूर्ण करून जाणाऱ्यांच्या वाट्याला येते. जानेवारी २०२३मध्ये गुगलने सुमारे १२,००० लोकांना काढलं तेव्हा अनेकांना आपली नोकरी गेल्याचं लॉगिन चालेना म्हणून कळलं. वर्षानुवर्षं काम केलेल्यांचीही तीच गत. अशा वेळी 'जाण्याआधी आपल्या फायलींचं संरक्षण काढून घ्यावं' हा सल्ला देणाऱ्याला काय म्हणावं? घर जळताना विहीर खणायची म्हटलं तरी खणायला सवड लागते.

एखादी किल्ली दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवली की काय होतं, याचे धडे आपण आधीही घेतले आहेत, फक्त ते गाण्यांच्या वर्गात घेतले. एप्रिल २००८मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एमएसएन म्युझिक दुकानातून विकलेल्या गाण्यांची परवानगी देणारे सर्व्हर ऑगस्टअखेर बंद करायचं जाहीर केलं. लोकांनी पैसे मोजून घेतलेली गाणी नव्या कॉम्प्युटरवर चालणार नव्हती. ओरड झाली म्हणून मुदत २०११च्या अखेरपर्यंत वाढवली. खुद्द संरक्षित कागदपत्रांच्या बाबतीतही घडलंय. डिसेंबर २००९मध्ये सॉफ्टवेअरमधल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ऑफिस २००३ वापरणाऱ्यांना आपल्याच संरक्षित फायली उघडेनात. त्यांनी नोकरी सोडली नव्हती, काहीच केलं नव्हतं. घाईघाईने दुरुस्ती पाठवली गेली म्हणून निभावलं. कंपनी विकली गेली, बुडाली, तिने वर्गणी भरणं बंद केलं, तर दुरुस्ती पाठवायला कोण बसलंय?

म्हणून मागणी ठोस हवी. राजीनामा पोचला किंवा कामावरून कमी केल्याचं पत्र निघालं की त्या व्यक्तीच्या नावे संरक्षित असलेल्या ज्या फायली संस्थेला दिसतात त्यांची यादी तिला मिळावी. तिने 'या माझ्या' म्हणून खूण करावी, हरकत असेल तर कंपनीने ती फाइलनिहाय आणि कारणासह सांगावी. नोकरी संपल्यावर निदान सहा महिने, एम्प्लॉयी आयडी नसतानाही अर्ज करता येईल असा एक पत्ता असावा. तीस दिवस नव्हे, कारण ते तीस दिवस कसे फसवतात ते वर सांगितलंच. अनुभवाचं पत्र, पगाराच्या स्लिपा, कराचे दाखले यांसारखे कागद तर लेबलाविनाच द्यावेत. ज्याचा जन्मच बाहेर कुठेतरी दाखवण्यासाठी झालाय त्याला 'अंतर्गत' म्हणण्यात काय हशील? आणि हे सगळं कंपनीच्या भलेपणावर न सोडता सेवासमाप्तीच्या नियमांत लिहिलेलं हवं, कारण भल्या माणसाचे हात तिकिटाशी कसे बांधले जातात ते मी पाहिलंय.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचाही वाटा यात आहे, आणि त्यांच्याबद्दल फार थोडं बोललं जातं. फाइल पेनड्राइव्हवर उतरवताना 'ही फक्त तुमच्या अमुक ठिकाणच्या खात्याने उघडेल, ते खातं गेलं की उघडणार नाही' एवढं एक वाक्य दाखवायला कोणतं नवं संशोधन लागणार आहे? कंपनीने दिलेल्या खात्यातून आपली माहिती उतरवून घेण्याची सोय असते तीही कंपनीचा प्रशासक बंद करू शकतो. गिऱ्हाईक कंपनी आहे, वापरणारा नाही, हे गणित समजतं मला. म्हणूनच ते बाजारावर सोडून सुटणार नाही.

स्वतःपुरतं काय करावं हे विचारणाऱ्यांना एकच सांगते. फाइल कॉपी करून निर्धास्त होऊ नका. ती ऑफिसच्या खात्याशी कधीही संबंध न आलेल्या दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडून बघा. आपल्याच लॅपटॉपवर घेतलेली परीक्षा खोटी असते, साठवलेल्या परवानगीवर पास झालेली.

एक गोष्ट मला या सगळ्या खटाटोपात नंतर सुचली आणि ती काही केल्या डोक्यातून जात नाही. मी निदान भांडायला जिवंत होते. नोकरीत असताना माणूस गेला तर? त्याच्या टेबलावरच्या वस्तू खोक्यात भरून घरी येतात, सहकारी भेटायला येतात, पैशांचा हिशोब होतो. त्याच्या बायकोला पेनड्राइव्ह सापडतो. त्यावर विम्याची यादी आहे, कोणाला किती दिले-घेतले ते आहे, कदाचित मुलीला लिहिलेलं काहीतरी आहे. ती उघडायला जाते. परवानगीसाठी मालकाशी संपर्क साधा, आणि खाली त्याचं नाव. आजच्या व्यवस्थेत ती कोणत्या विभागाकडे तिकीट काढणार?

माझ्या फायलींचं पुढे झालं ते असं. चार महिन्यांनी कंपनीने मला अकराही फायली पाठवायला सांगितल्या. सुरक्षा आणि विधी विभागाची माणसं त्या उघडतील, वाचतील, आणि ज्या खरोखर माझ्या आहेत त्या कुलूप काढून परत देतील. फ्रान्सची न्यायालयं ज्या गोष्टीपासून कर्मचाऱ्याला वाचवायला बसली होती तीच गोष्ट करा म्हणून मी हात जोडत होते. तशी लेखी संमतीही दिली.

नऊ फायली परत आल्या. लेखाची टिपणं ठेवून घेतली, त्यांत आमच्या व्यवसायाचा उल्लेख होता. बायोडेटाही ठेवून घेतला, कारण त्यात मी केलेल्या कामांची नावं होती. परत आलेल्यांबरोबर एक तक्ता होता, फाइलचं नाव आणि पुढे शेरा. मी घाईने बाबांची फाइल शोधली. सातव्या ओळीत होती. बावीस पानं कोणीतरी शेवटपर्यंत वाचली असणार, कारण शेऱ्यात शेवटच्या पानावरची तारीख होती. पुढे लिहिलं होतं: 'वैयक्तिक. देण्यास हरकत नाही.'